कॉलर हा खेळाचा नियम की दाराचा? गोल्फचे कपडे, त्यांचे ब्रँड आणि आपण

(तळवली, नवी मुंबई येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, "सर, तळवलीत गोल्फ कोण खेळतं?" प्रश्न रास्त आहे. हे गाव भातशेतीचं आणि खाडीचं. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, साडेबारा टक्क्यांच्या फायली आल्या, एमआयडीसी आणि टॉवर आले. या सगळ्यात गोल्फची काठी कुणाच्या घरात शिरली नाही. आम्हीही हा खेळ कधी खेळलेलो नाही. मग त्याच्या कपड्यांवर तासभर बोलायचं कशाला?

तर असं करा. उद्या सकाळी तळवली नाक्यावर दहा मिनिटं उभे राहा आणि लोकांचे शर्ट बघा. पार्सल पोचवणारा मुलगा, पेट्रोल पंपावरचा माणूस, सोसायटीचा सुपरवायझर, शनिवारी ऑफिसला निघालेला आयटीवाला. यांतल्या निम्म्यांच्या अंगावर एकच कपडा दिसेल. अर्ध्या बाह्या, मऊ कॉलर, गळ्याशी दोन-तीन बटणं, विणीचं कापड. आपण त्याला कॉलरवाला टी-शर्ट म्हणतो, दुकानदार पोलो म्हणतो, घाऊक व्यापारी कापडावरून 'मॅटी' म्हणतो. अमेरिकेत याच कपड्याला सर्रास 'गोल्फ शर्ट' म्हणतात. म्हणजे खेळ आपल्या गावात आला नाही, पण त्याचा कपडा आला.

आणि खेळही फार लांब नाही. ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी धरली की खारघर येतं. तिथे डोंगराच्या पायथ्याशी सिडकोनेच गोल्फ कोर्स केलाय. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, तो १९२७ सालचा. त्याही अलीकडचं सांगायचं तर आपल्या पोरांना गोल्फ क्लबच्या, हॉटेलच्या, टॉवरच्या दारावर नोकऱ्या लागतात. तिथे कपड्यावरून माणूस आत सोडायचा की नाही हे त्यांना ठरवावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारावर त्यांच्याच कपड्यावरून त्यांना थांबवलं जातं. म्हणून आजचा प्रश्न आमच्या दृष्टीने फॅशनचा नाही. कपडा बघून माणसाबद्दल अनुमान करायचा आपल्याला अधिकार किती, हा तो प्रश्न आहे.

नियमपुस्तकात कपडे नाहीत

सुरुवात एका साध्या गोष्टीने करू. गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधल्या लीथ गावचे. एकूण तेरा नियम. चेंडू पाण्यात गेला तर काय करायचं, चेंडूवर चेंडू बसला तर काय करायचं, हे सगळं त्यात आहे. कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. आजचं नियमपुस्तक चांगलं जाडजूड आहे, पण तेही कॉलर हवीच असं सांगत नाही. कॉलर, पँटची लांबी, शर्ट आत खोचणं हे सगळं ठरवतो क्लब किंवा स्पर्धा भरवणारी संस्था.

म्हणजे बघा, कॉलर हा खेळाचा नियम नाही, तो दाराचा नियम आहे. हे वाक्य आज लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्या आधाराने जाणार आहे.

मग गोल्फरांचे कपडे वेगळे झाले कसे? जुन्या काळी ब्रिटनमध्ये गोल्फ सार्वजनिक माळावर चाले. त्याच माळावर माणसं फिरायला यायची, गुरं चरायची, बायका कपडे वाळत घालायच्या. टणक चेंडू डोक्यात बसला तर काम तमाम. म्हणून खेळाडू लाल कोट घालत. लांबून लाल दिसलं की समजायचं, इकडे खेळ चाललाय, जरा बाजूने जा. आपल्याकडे रस्त्याचं काम चाललं की लाल कापड लावतात ना, तसंच.

ही कपड्याची पहिली अवस्था. इथे कपडा दुसऱ्याचं रक्षण करतो. पण हळूहळू त्या कोटाला क्लबची बटणं लागली, कॉलरचा रंग क्लबगणिक वेगळा झाला. 'जपून राहा' म्हणणारा कोट 'आम्ही अमक्या क्लबाचे' म्हणायला लागला. पुढे माळाला कुंपण पडलं. मग सावध करायला बाहेरचा माणूसच आत उरला नाही, तरी कोट राहिला. कारण गेलं आणि खूण उरली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने नेमकं इथे थांबून बघावं. कारण गेल्यावर मागे राहिलेली खूण कधीच रिकामी राहत नाही, तिच्यात कुणीतरी दुसरा अर्थ भरतो.

शरीराची सोय

आता कपड्याची बाजू घेऊनही बोलायला हवं. प्रत्येक पोशाखामागे फक्त मिरवणं असतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. गोल्फची अठरा भोकं पुरी करायला चार-पाच तास लागतात, बहुतेक वेळ उन्हात चालणं. मध्येच कंबर आणि खांदा पूर्ण वळवून काठी फिरवायची. कपडा आखूड झाला, काखेत धरला, तर फटका चुकतो.

जुने गोल्फर लोकरीचा कोट आणि टाय लावून हे सगळं करत. विजार गुडघ्याखाली आवळलेली, कारण लांब पँटचा घोळ ओल्या गवतात भिजतो. त्या विजारीचं एक सैल रूप गुडघ्याखाली चार इंच लोंबायचं. त्या चार इंचांवरूनच तिचं नाव पडलं 'प्लस फोर्स'. १९२२ साली इंग्लंडचा युवराज, जो पुढे राजा होऊन गादी सोडून गेला तो, सेंट अँड्र्यूजच्या क्लबचा कॅप्टन झाला. त्याने अशी विजार आणि स्कॉटलंडच्या फेअर बेटावरचं नक्षीदार स्वेटर घातलं. ते स्वेटर मूळचं थंड वाऱ्यात काम करणाऱ्या कोळ्यांचं आणि बेटावरच्या बायकांच्या विणकामाचं. युवराजाच्या अंगावर चढलं आणि श्रीमंतांची फॅशन झालं.

कॉलरवाल्या टी-शर्टची गोष्ट टेनिसमधून येते. रने लाकोस्त हा फ्रेंच टेनिसपटू. त्या काळी टेनिसवाले लांब बाह्यांचे, कडक कॉलरचे शर्ट घालून खेळत. याने १९२६ च्या सुमाराला अमेरिकेत अर्ध्या बाह्यांचा, जाळीदार सुती विणीचा शर्ट घातला. बारीक खळगे असलेल्या त्या विणीतून हवा खेळते. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब, म्हणजे वाकलं तरी शर्ट पँटमधून सुटत नाही. आणि कॉलर मऊ, ती उभी केली की मानेला ऊन लागत नाही. आता गंमत बघा. ज्या कॉलरसाठी आज दारावर अडवतात, तिचं या शर्टातलं काम मान भाजू नये एवढंच होतं. भातलावणीला वाकलेला आपला माणूस मानेवर ओला पंचा टाकतो, त्याचं आणि त्या कॉलरचं काम एकच.

१९३३ साली लाकोस्तने आंद्रे जिलिए या कापड उद्योजकाबरोबर कंपनी काढली आणि शर्टाच्या छातीवर मगर भरली. लोक त्याला मगर म्हणत, म्हणून मगर. त्याआधी शिंप्याचं किंवा कंपनीचं नाव कॉलरच्या आत, मानेमागे लपलेलं असे. ते बाहेर, छातीवर, सगळ्यांना दिसेल असं आणणाऱ्या पहिल्या काही कंपन्यांत लाकोस्तचं नाव घेतात. या घराचं गोल्फशी नातंही जवळचं. लाकोस्तची बायको सिमोन हिने १९२७ साली ब्रिटिश महिलांची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकली. मुलगी कॅथरीन हिने १९६७ साली हौशी खेळाडू असतानाच अमेरिकेची महिला ओपन जिंकली.

मगरीच्या मागोमाग बाकीचे प्राणी आले. १९५५ साली अमेरिकेच्या मन्सिंगवेअर कंपनीने पेंग्विनचा गोल्फ शर्ट काढला. पुढे राल्फ लॉरेनचा घोडा आला. नायकीची बरोबरसारखी खूण आली, आदिदासचे तीन पट्टे आले, प्यूमाची झेप आली. पावलांना फुटजॉय, डोक्याला टायटलिस्ट नाहीतर कॅलावेची टोपी. गोल्फर म्हणजे चालता-बोलता जाहिरात फलक झाला.

कापड कुठून येतं

ब्रँडचं बोलताना कापडाचं विसरून चालणार नाही. आजचे बहुतेक गोल्फ शर्ट सुती नाहीत, पॉलिस्टरचे आहेत. थोडा ताण यावा म्हणून त्यात इलॅस्टेन मिसळतात. हे पॉलिस्टर म्हणजे आपल्या पिढीचं टेरिलीन. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी ते बनवलं. आपल्या बापजाद्यांनी लग्नात घातलेला टेरिकॉटचा शर्ट आणि आज हजारो रुपयांना मिळणारा 'परफॉर्मन्स' गोल्फ शर्ट हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत. आणि त्याचा धागा बनवणारा रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना १९८२ साली सुरू झाला, तो इथून पनवेल ओलांडलं की फार दूर नाही.

'ड्राय फिट' म्हणतात ते काय आहे? कापूस घाम पितो. प्रमाणित हवेत सुद्धा कापूस वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिस्टरच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तिथे उडून जातो. दिव्याची वात तेल वर ओढते, तेच तत्त्व. पण यात एक अट आहे. बाहेरची हवा कोरडी हवी. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ओलीचिंब असते, घामाला उडून जायला जागा नसते. तेव्हा लेबलावर काहीही लिहिलेलं असो, खाडीकाठच्या माणसाला पातळ सुती सदऱ्यात जास्त बरं वाटलं तर त्यात आश्चर्य नाही. उन्हाच्या बाबतीत मात्र लेबल वाचायला शिका. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, दोन टक्के, आत येतो. ही माहिती खरी असेल तर कामाची आहे, आणि ती गोल्फरापेक्षा दिवसभर बाईकवर असणाऱ्या मुलाला जास्त कामाची आहे.

शिवणकामाचं म्हणाल तर मोठे ब्रँड सहसा स्वतः शिवत नाहीत. ते नक्षा देतात, मोजमाप देतात, माल कंत्राटावर शिवून घेतात. आपल्या देशात विणीच्या कपड्याचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुपूर. परदेशी ब्रँडचा माल तिथे शिवला जातो आणि कुरिअर कंपनीचा, पेट्रोल पंपाचा गणवेशही. कापड तसंच, वीण तीच, कॉलर तीच. छातीवर मगर आली तर काही हजार रुपये, कंपनीचं नाव आलं तर महिन्याअखेरचा पगार.

हा फरक आम्हाला फार बोलका वाटतो. दोघांच्याही छातीवर कुणाचं तरी नाव आहे. एकाने ते नाव मिरवायला पैसे मोजलेत. दुसऱ्याला ते घालण्याचे पैसे मिळतात. आणि तिसरा एक असतो, टायगर वूड्ससारखा. १९९६ साली नायकीने त्याच्याशी केलेला करार पाच वर्षांचा, चार कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ते नातं सत्तावीस वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये संपलं. मग त्याने 'सन डे रेड' नावाचा स्वतःचा ब्रँड आणला. शेवटच्या दिवशी, रविवारी, लाल शर्ट घालायचा हा त्याच्या आईचा आग्रह, तो रंग लेकाच्या बळाचा आहे असं ती मानायची. आईचा आग्रह होता, त्याची कंपनी झाली.

धूर आणि अग्नी

आता थोडं आमच्या विषयाकडे वळतो. कंटाळू नका, सरपणाचंच उदाहरण आहे.

न्यायशास्त्र सांगतं, डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं, कारण धूर अग्नीशिवाय नसतो. पण उलट करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग कधीकधी अग्नीबरोबर धूर दिसतो तो कशामुळे? सरपण ओलं असतं म्हणून. हे ओलं सरपण म्हणजे 'उपाधी', मध्ये लपून बसलेली अट. जिथे उपाधी असते तिथलं अनुमान टिकत नाही.

दारावरचा माणूस काय अनुमान करतो? "याच्या अंगात कॉलर आहे, म्हणून हा सभ्य आहे." किंवा, "याच्या अंगात कॉलर नाही, म्हणून हा इथला नाही." इथली उपाधी कोणती? पैसा, जात, भाषा, शाळा. ज्यांना क्लबात जागा होती, त्यांच्या कपाटात तसले कपडे होते. कपड्याने सभ्यता येत नव्हती, दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या एवढंच. अनुमान कच्चं आहे, पण पाटीवर लिहिलं की ते नियम होतं.

कच्च्या अनुमानाने काय होतं त्याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये एका सभासदाने जेवायला बोलावलेल्या मंडळींत मेघालयातली एक खासी बाई होती. तिने आपला पारंपरिक जैनसेम नेसला होता. तिला उठून जायला सांगितलं. कारण काय, तर तो पोशाख मोलकरणीसारखा दिसतो. विचार करा. सणासुदीला घालायचा पोशाख. पण बघणाऱ्याच्या डोक्यात दोनच खण, 'आपल्यासारखे' आणि 'मोलकरीण'.

मुंबईचा विलिंग्डन क्लब घ्या, तिथेही गोल्फ आहे. इंग्रजांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता, म्हणून गव्हर्नर विलिंग्डनने दोघांनाही प्रवेश असलेला क्लब काढला. अपमानाला उत्तर म्हणून उभी राहिलेली संस्था. त्याच क्लबने १९८० च्या दशकात चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून दारातून परत पाठवलं. दार उघडायला निघालेले लोकही पुढे दारवान होतात, ते असं.

तिसरं उदाहरण क्रिकेटच्या क्लबचं. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर, म्हणजे त्यांची वेष्टी, नेसल्यामुळे प्रवेश नाकारला. ऑगस्टमध्ये तमिळनाडू विधानसभेने कायदाच केला, की अशा ठिकाणी वेष्टीवरून कुणाला अडवता येणार नाही.

आणि एक परदेशातलं, पण आपल्या रक्ताचं. पापवा सेवगोलम हा दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा गोल्फर. कॅडी म्हणून सुरुवात केलेला, काठी उलट्या हातांनी धरणारा. १९६३ साली त्याने डर्बनला नाताळ ओपन जिंकली. क्लबहाऊसमध्ये गोऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नव्हता, म्हणून विजेत्याला करंडक बाहेर पावसात दिला. तिथे अडचण कपड्याची नव्हती, कातडीची होती. पण पाटी तीच. आपल्याला कळतं ते एवढंच की कपड्याचा नियम हा बऱ्याचदा ओलं सरपण झाकायची ताडपत्री असतो.

कुलूप आणि किल्ली

म्हणून काही जण म्हणतील, फेकून द्या ती कॉलर. आम्ही तसं म्हणणार नाही. इतिहास एवढा सरळ नसतो.

ज्या १९२७ साली चेंबूरचा गोल्फ क्लब निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे भाषण केलं. त्यात त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख पटवणारे जड दागिने टाका, वरच्या म्हणवणाऱ्या बायका नेसतात तसं नेसा, असं सांगितलं. लुगडं बदललं की जात जाते असं त्यांना वाटत होतं का? मुळीच नाही. पण लांबूनच माणूस ओळखून बाजूला टाकण्याची सोय तरी काढून घ्या, हा त्यामागचा विचार. त्यांच्या स्वतःच्या सुटाबुटाचा अर्थही तोच. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला आणि देशाच्या गरिबाशी नातं जोडलं. बाबासाहेबांनी सूट घातला आणि ज्याला चिंधी घालायला भाग पाडलं होतं त्याची मान वर केली. दोघांचे कपडे उलटे, पण दोघांनीही कपडा कुणाच्या तरी हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला.

गोल्फमध्येही हे दिसतं. १९९७ च्या मास्टर्स स्पर्धेत टायगर वूड्स लाल स्वेटर घालून जिंकला आणि त्यावर त्याला ऑगस्टा क्लबचा हिरवा कोट चढवला. तो कोट मूळचा सभासदांचा, प्रेक्षकांना काही विचारायचं असेल तर सभासद ओळखता यावा म्हणून. १९४९ पासून तो विजेत्यालाही देतात. याच क्लबात पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली आला, पहिल्या स्त्रिया २०१२ साली. १९८२ पर्यंत तिथे खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे, आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत, अंगात पांढरा डगला. तो पांढरा डगला कॅडींना आजही आहे. एकाच हिरवळीवर दोन पोशाख, एक कमावलेला, एक नेमून दिलेला.

आपल्याकडे अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर झाला, तो दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला. एस. एस. पी. चौरासिया हा कोलकात्याच्या मैदानावरच्या माळ्याचा मुलगा, त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा ती स्पर्धा जिंकली. नेमून दिलेला डगला काढून स्वतः निवडलेला शर्ट घालण्याचा हा प्रवास आहे. त्या शर्टावर ब्रँड असेल तर असो.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुना विचार आहे. ॲडम स्मिथ, अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपण ओळखतो तो, मूळचा नीतिशास्त्राचा प्राध्यापक. जन्म स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातला, ज्या परगण्यात गोल्फची पंढरी सेंट अँड्र्यूज आहे. १७७६ सालच्या ग्रंथात त्याने मुद्दा मांडला की तागाचा शर्ट जगायला लागत नाही, पण त्याच्या काळात साध्या मजुरालाही त्याच्याशिवाय चारचौघांत उभं राहायला लाज वाटेल, म्हणून तो गरजेच्या वस्तूंत धरला पाहिजे. पुढे अमर्त्य सेन यांनी हाच धागा पकडला. लाज न वाटता लोकांत वावरता येणं ही माणसाची मूलभूत गरज आहे. म्हणून आम्ही कॉलरला हसत नाही. मुलाच्या मुलाखतीसाठी कर्ज काढून चांगला शर्ट घेणारी आई मूर्ख नसते. तिला दाराचा नियम ठाऊक असतो.

मग नियम तपासायचा कसा?

कपड्याचा कुठलाही नियम समोर आला की तीन प्रश्न विचारा.

पहिला, हा नियम काय राखतो? गोल्फच्या बुटाचे लोखंडी खिळे हिरवळ फाडतात, म्हणून क्लबांनी १९९० च्या दशकात ते बंद करून मऊ खिळे आणले. कारण दिसतं, पटतं. कारखान्यात हेल्मेट, तसंच. अर्ध्या पँटने हिरवळीचं काय बिघडतं? काही नाही. म्हणून तर युरोपच्या टूरने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या टूरने २०१९ मध्ये निदान सरावाला खेळाडूंना अर्ध्या पँटची मुभा दिली, आणि आभाळ कोसळलं नाही.

दुसरा, हा नियम कोणाला पाळता येतो? साधी कॉलर दोन-अडीचशेत मिळते, ती बहुतेकांना परवडेल. पण नियमाच्या आडून 'चांगल्या कंपनीचा' शर्ट अपेक्षित असेल, किंवा पारंपरिक पोशाख नियमात बसतच नसेल, तर तो नियम काहींना जन्मतःच मोडावा लागतो.

तिसरा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा, नियम मोडला तर काय होतं? काही ठिकाणी कोट उसना देतात आणि आत घेतात. काही ठिकाणी माणसालाच बाहेर काढतात. पहिल्या ठिकाणी कपड्याची चूक कपड्यापुरती राहते. दुसऱ्या ठिकाणी कपडा फक्त निमित्त असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, मुलगा ब्रँडेडच मागतो. नाही म्हटलं तर फर्स्ट कॉपी आणतो. काय करावं?*

त्याला रागावू नका. तो मगर मागत नाहीये, मगर बघून लोक जसं बोलतात तसं बोलणं मागतोय. पण त्याला कपडा उलटा करून बघायला शिकवा. शिवण दुहेरी आहे का, कॉलर धुतल्यावर वळते का, मॅटीचं वजन किती, धागा सुती की पॉलिस्टर. ब्रँडचा शर्टसुद्धा असा तपासून चांगला निघाला आणि खिशाला परवडला, तर जरूर घ्या. फर्स्ट कॉपीत मात्र दुहेरी नुकसान आहे. कापड हलकं, आणि मनात सतत धाकधूक, कुणी ओळखेल का. लाज जावी म्हणून घेतलेला कपडा लाज वाढवतो.

*प्रश्न: मी क्लबच्या दारावर काम करतो. नियम साहेबांचा, शिव्या मला. माझी चूक काय?*

चूक तुमची नाही. नियम तुम्ही केला नाही, तो तुम्हाला पाळायला लावतात, आणि तुमच्याच अंगावर नेमून दिलेला कपडा असतो. तरी एक गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे शब्द. "आत सोडता येत नाही, इथे कॉलर लागते" असं म्हणता येतं, आणि "तुमच्यासारख्यांना इथे नाही" असंही म्हणता येतं. पहिलं वाक्य शर्टाबद्दल आहे, दुसरं माणसाबद्दल. पहिलं म्हणा. आणि नियम विचित्र वाटला तर लेखी विचारा, हा कशासाठी आहे. लेखी कारण द्यायची वेळ आली की बरेच नियम सैल होतात.

*प्रश्न: हे श्रीमंतांच्या क्लबचं झालं. आपल्याकडे असं काही आहे का?*

आहे की. आपल्या टॉवरमध्ये कामवाल्या बाईसाठी वेगळी लिफ्ट असते. तिथे पाटी कपड्याची नसते, पण वॉचमन ओळखतो कशावरून? साडीवरून, चपलेवरून, हातातल्या पिशवीवरून. त्या खासी बाईची बातमी वाचून आपल्याला राग येतो, यायलाच हवा. मग तेच तीन प्रश्न आपल्या लिफ्टलाही लावा. ती पाटी काय राखते? कोणाला पाळता येते? मोडली तर काय होतं? उत्तर लाजिरवाणं आलं तर पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पाटी काढायचा विषय मांडा. तो ठराव करायला गोल्फ यावं लागत नाही.

वेळ झाला.